तळेगावचा विद्यार्थी आणि मायदेशी परतण्याचा गुन्हा

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या विहाराला वंदन करून आपली पुष्कळ माणसे लोणावळा लोकलने पुढे तळेगाव दाभाडेला उतरतात, कारण तिथे बाबासाहेबांचे घर आहे. ते घर पाहून परतताना याच गावातल्या एका शाळेची आठवण सहसा कोणी काढत नाही. काढावी अशी आपली शाळा ती नव्हतीच. समर्थ विद्यालय हे तिचे नाव. प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांनी ती काढली आणि हे विजापूरकर वेदोक्त प्रकरणात राजर्षी शाहू महाराजांच्या विरोधात गेलेल्या गोटातले. राष्ट्रीय शिक्षण म्हणजे कोणाच्या राष्ट्राचे शिक्षण, हा प्रश्न त्या काळातही होता.

पण याच शाळेतला एक विद्यार्थी पुढे अमेरिकेत गेला आणि परत आला तो थेट फासावर चढला. विष्णू गणेश पिंगळे त्याचे नाव. त्याचे चरित्र आज आपल्या दैनिकात लिहायचे कारण वेगळे आहे. कार्यकर्त्यांच्या बैठकीत हल्ली एक आई किंवा एक बाप हमखास उठून विचारतो की, बंदच्या दिवशी पोराचे नाव एफआयआरमध्ये आले, आता त्याला पासपोर्ट मिळेल का, परदेशी शिष्यवृत्तीचे काय होईल? गुन्ह्याचा नुसता ठपका माणसाची वाट कशी अडवतो, हे शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी भोगले त्यांत हा तळेगावचा विद्यार्थी होता. आणि त्याच पक्षात आपला एक माणूसही होता. त्याच्याकडे पुढे येऊ.

पिंगळे १८८८ चा जन्मलेला, शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरेचा. ब्राह्मण घर. शिक्षणासाठी तो एका तळेगावातून दुसऱ्या तळेगावात, म्हणजे मावळात आला. विजापूरकरांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि १९१० मध्ये सरकारने शाळाच बंद पाडली. शाळेवर ठपका आला की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाकडे पोलीस त्याच नजरेने पाहतात. पिंगळेने अमेरिकेची वाट धरली आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीसाठी नाव घातले.

त्या किनाऱ्यावर हिंदी माणसाची काय किंमत होती? सिएटलच्या उत्तरेला बेलिंगहॅम नावाचे गाव आहे. तिथे सप्टेंबर १९०७ मध्ये गोऱ्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना घरांतून ओढून बाहेर काढले आणि गावाबाहेर हाकलले. त्याच वर्षीच्या अमेरिकी कायद्याने नैतिक अधःपतनाचा गुन्हा केलेल्यांना आणि अराजकवाद्यांना देशाची दारे बंद केली होती. कायदा वाचायला सोज्वळ दिसतो. तो वापरला कसा गेला ते पाहा. १९१३ मध्ये सोहनसिंग भकना आणि लाला हरदयाळ यांच्या पुढाकाराने गदर पक्ष उभा राहिला, १ नोव्हेंबरला त्याचे पत्र निघाले, आणि मार्च १९१४ मध्ये अमेरिकी इमिग्रेशन खात्याने हरदयाळांना अराजकवादी म्हणून पकडले. कोणत्याही न्यायालयात गुन्हा शाबीत झालेला नव्हता. जामिनावर सुटताच ते स्वित्झर्लंडला निघून गेले. शाबिती न करता माणूस देशाबाहेर घालवायचा असेल तर फौजदारी कोर्टापेक्षा इमिग्रेशनचे टेबल सोयीचे पडते, हे सरकारांना तेव्हाच उमगले होते.

पिंगळे याच पक्षात सामील झाला. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि गदरच्या लोकांनी मायदेशी परतून उठाव करायचे ठरवले. इंग्रज सरकार झोपलेले नव्हते. ५ सप्टेंबर १९१४ रोजी त्याने हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांविषयीचा एक वटहुकूम काढला. बाहेरून येणाऱ्या कोणालाही खटल्याविना अडवून ठेवायचा किंवा त्याच्या गावात जखडून टाकायचा अधिकार त्याने सरकारला दिला. म्हणजे ज्या मातीत जन्म झाला तिथे पाय ठेवतानाच माणूस संशयित. त्याच महिन्याच्या अखेरीस कोमागाटा मारू कलकत्त्याजवळ बजबजला पोहोचली. तिच्यातल्या ३७६ प्रवाशांतील बहुतेकांना कॅनडाने व्हँकूवरला उतरू दिले नव्हते आणि इथे उतरताना त्यांच्यावर गोळीबार झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत जे सुमारे आठ हजार लोक परतले त्यांतले काही शेकडा तुरुंगात गेले आणि दोन हजारांहून अधिक लोकांवर गाव सोडण्याची बंदी आली. पाटलाकडे हजेरी दिल्याशिवाय हलायचे नाही म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांचे हे रोजचे जगणे होते. फरक इतकाच की त्यांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नव्हता.

पिंगळे मात्र या जाळ्यातून निसटला. कर्तारसिंग सराभा आणि सत्येन सेन यांच्याबरोबर सॅलॅमिस या जहाजाने तो नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला उतरला. जाळे मजुरांच्या जहाजांसाठी विणले होते, शिकलेल्या तरुणांचा एक छोटा गट त्यातून बाहेर पडला, असे मला वाटते. बनारसला तो रासबिहारी बोसांना भेटला आणि त्यांना पंजाबात घेऊन येण्याचे काम बऱ्याच अंशी त्यानेच केले. बंगाल आणि पंजाब यांच्यामधला दुवा हा मराठी मुलगा होता. २१ फेब्रुवारी १९१५ ही उठावाची तारीख ठरली. पक्षात शिरलेल्या कृपालसिंग नावाच्या खबऱ्याने ती फोडली. तारीख १९ वर आणली तर तीही फुटली. पुष्कळ जण पकडले गेले, काही पांगले. पिंगळे पांगला नाही. मार्चमध्ये तो मेरठला बाराव्या रिसाल्याच्या छावणीत सैनिकांना फितवायला गेला आणि तिथेच बॉम्बच्या पेटीसह सापडला.

लाहोरच्या पहिल्या कटाच्या खटल्यात तीन आयुक्तांचे खास न्यायमंडळ बसले. ज्युरी नाही, अपील नाही. १३ सप्टेंबर १९१५ ला २४ जणांना फाशी सुनावली गेली. व्हाइसरॉयने १७ जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. उरलेल्या सात जणांत पिंगळे होता. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्याला आणि सराभाला फाशी दिली. पिंगळे सत्तावीस वर्षांचा होता, सराभा एकोणीस.

पिंगळे सिएटलमध्ये शिकत होता त्याच काळात, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. लाला लजपतरायांनी त्यांना आपल्या राजकारणात ओढण्याचा प्रयत्न केला, पण बाबासाहेब अभ्यास सोडून हलले नाहीत. तरीही १९१६ मध्ये ते अमेरिकेहून इंग्लंडला उतरले तेव्हा पोलिसांनी त्यांची अंगावरच्या कपड्यांपर्यंत कसून झडती घेतली. गुन्हा? अमेरिकेहून आलेला हिंदी विद्यार्थी, एवढाच. ठपका पिंगळ्यांवर होता, झडती बाबासाहेबांची झाली.

आता तो आपला माणूस. मंगूराम मुगोवालिया, होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवालच्या चर्मकार घरातला, शाळेत वर्गाबाहेर बसून शिकलेला. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियाला गेला, फळबागांत राबला, गदरमध्ये आला. १९१५ मध्ये शस्त्रांच्या जहाजाबरोबर पाठवलेल्या पाच जणांत तो होता. ती मोहीम फसली, तो पकडला गेला, कसाबसा निसटला आणि फिलिपाइन्समध्ये वर्षानुवर्षे दडून राहिला. घरी परतला तो १९२५ मध्ये. दहा वर्षे एका आरोपाने त्याला परक्या किनाऱ्यावर अडकवून ठेवले. परतल्यावर त्याला दिसले की ज्या देशासाठी जीव धोक्यात घातला तिथे अस्पृश्यता जशीच्या तशी उभी आहे. जून १९२६ मध्ये त्याने मुगोवालला परिषद भरवली आणि आदिधर्म चळवळ उभी केली. १९३१ च्या जनगणनेत पंजाबात चार लाखांवर लोकांनी स्वतःला आदिधर्मी म्हणून नोंदवले. गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजींच्या दाव्याविरुद्ध ही चळवळ बाबासाहेबांच्या पाठीशी उभी राहिली. १९८० मध्ये मंगूराम गेले. पिंगळ्यांचे नाव क्रांतिकारकांच्या यादीत सापडते, मंगूरामांचे महाराष्ट्रातल्या किती पाठ्यपुस्तकांत सापडेल?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या सहाव्या कलमानुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे. ज्या न्यायालयात खटला आहे त्याच न्यायालयाची परवानगी आणली तर ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो. नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते, असे उच्च न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. मात्र अर्जात खटला लपवला तर तो स्वतंत्र गुन्हा होतो. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगाव हल्ल्यानंतर ३ जानेवारीच्या बंदमध्ये ज्या तरुणांची नावे पोलिसांनी टिपली त्यांनी हे नीट समजून घ्यावे. आणि जे आधीच परदेशी शिकत आहेत त्यांनी २०२५ चा एप्रिल आठवावा. अमेरिकेने गुन्हे नोंदींच्या संगणकात नावे तपासून हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एका फटक्यात रद्द केल्या. त्यांत आपल्या देशातले पुष्कळ होते, काहींचा दोष वाहतुकीच्या दंडापुरता होता, काहींवरची प्रकरणे केव्हाच निकाली निघालेली होती. विद्यार्थी न्यायालयात गेले तेव्हा महिनाअखेर सरकारला त्या नोंदी पुन्हा चालू कराव्या लागल्या.

खटल्याची तारीख असेल त्या दिवशी पोराला कोर्टात हजर ठेवा. तारीख चुकली की वॉरंट निघते, आणि वॉरंट निघाले की सहाव्या कलमातला पुढचाच खंड लागू होतो.