कर्मवीर दादासाहेब गायकवाड : मताची किंमत ओळखणारा कार्यकर्ता

निवडणूक जवळ आली की वस्तीत जीपगाड्या फिरायला लागतात, पताका लागतात, आणि पाच वर्षे ज्यांचे तोंड दिसले नाही अशी माणसे हात जोडून दारात उभी राहतात. अशा वेळी आपल्या तरुण मंडळींनी एका माणसाचे जीवन जरूर डोळ्यांसमोर आणावे. तो माणूस म्हणजे परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विश्वासू सहकारी, कर्मवीर दादासाहेब गायकवाड. सभा गाजवणारे पुढारी पुष्कळ झाले. पण सभा संपल्यावर जे काम उरते ते जन्मभर करणारे थोडेच. दादासाहेब त्या थोड्यांपैकी होते.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. घर गरिबाचे, महारवाड्यातले. त्या काळी आपल्या पोराने शाळेची पायरी चढणे हीच मोठी गोष्ट होती. तरुणपणी ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि 1927 च्या महाडच्या संगरातही सामील झाले. त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. लोक त्यांना प्रेमाने दादासाहेब म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले.

त्यांची खरी परीक्षा झाली ती नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार लोकांची मिरवणूक निघाली. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाज्यांवर 125 पुरुष आणि 25 स्त्रिया सत्याग्रहाला बसल्या. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, आपली माणसे रक्तबंबाळ झाली. या सत्याग्रहाच्या समितीचे चिटणीस होते दादासाहेब.

आता विचार करा, एक दिवसाचा मोर्चा काढणे वेगळे आणि वर्षानुवर्षे सत्याग्रह चालवणे वेगळे. रोज नवी तुकडी लागते. खेड्यापाड्यांतून माणसे बोलवावी लागतात. त्यांच्या भाकरीची, राहण्याची सोय बघावी लागते. कोण तुरुंगात गेला, त्याच्या घरी चूल पेटते की नाही, हेही पाहावे लागते. गावात पाटलाने काम बंद केले, पाणी तोडले, तर त्या घराला आधार द्यावा लागतो. मंदिराचा दरवाजा काही त्या सत्याग्रहाने उघडला नाही. पण त्या चार दरवाज्यांवर नाशिक जिल्ह्यातला कार्यकर्ता घडला.

मार्च 1934 मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. आता समाजाने आपली ताकद शिक्षण आणि राजकारण यांत लावावी, असा त्याचा आशय होता. ज्या कामात आपण रक्त आटवले ते सोडून दुसऱ्या वाटेला लागायचे, हे सोपे नसते. दादासाहेबांनी तेही केले. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा झाली.

1936 साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि 1937 च्या प्रारंभी मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाची निवडणूक आली. तेव्हा प्रत्येक सज्ञान माणसाला मत नव्हते. सारा भरणारा, शिकलेला, अशा अटी होत्या. त्यात मत देण्याची पद्धतही अवघड. मुंबई इलाख्यात मतदारसंघात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला असत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. म्हणजे आपल्या लोकांनी मते इकडेतिकडे न वाटता एका जागी टाकली, तर संख्येने थोडे असूनही आपला माणूस निवडून येऊ शकत होता. पण हे गावोगावच्या मतदाराला समजावून कोण सांगणार? त्याला पायी फिरणारा, घरातला वाटणारा कार्यकर्ताच लागतो. पक्षाने 17 उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. नाशिक जिल्ह्यातून दादासाहेब विधिमंडळात गेले.

पुढचे दिवस मात्र कठीण होते. 1942 मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, पण 1946 च्या निवडणुकीत त्याचा दारुण पराभव झाला. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून सुमारे चौदा हजार मतांनी हरले. त्याच मतदारसंघात सत्तर हजारांहून जास्त मते बाद झाली होती. ही आठवण आजही मनाला टोचते. मत असून चालत नाही, ते मोजले गेले पाहिजे. आणि आपल्या समाजाची सगळी मते एक झाली तरी ती कधी कधी पुरत नाहीत, सोबतीला दुसरेही लागतात, हेही त्या पराभवांनी शिकवले.

14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली आणि 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. डोळ्यांतले पाणी सुकले नव्हते, तोच फेब्रुवारी-मार्च 1957 ची निवडणूक येऊन ठेपली. मध्ये तीन महिनेही नव्हते. शोक करीत घरी बसावे, की कामाला लागावे? शिवाय नवा पेच होता. त्या काळच्या कायद्याप्रमाणे बौद्ध झालेल्या माणसाला अनुसूचित जातीच्या राखीव जागेचा हक्क राहत नव्हता. ही त्रुटी केंद्र सरकारने दूर केली ती थेट 1990 मध्ये.

फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले आणि दादासाहेब नाशिकच्या लोकसभेच्या सर्वसाधारण जागेवर उभे राहिले. ज्या नाशिकमध्ये 27 वर्षांपूर्वी मंदिराचे दरवाजे त्यांच्यावर बंद झाले होते, त्याच नाशिकमध्ये ते सर्व जातींच्या मतदारांपुढे गेले. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. खोलीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याची खूण चिकटवलेली, आणि कागद त्या पेटीत टाकायचा. अक्षरओळख नसलेल्या आयाबायांना खूण दाखवून, पेटी ओळखायला शिकवणे हेच मोठे प्रचारकार्य होते. दादासाहेब निवडून आले. शेजारच्या कोपरगावातून बी. सी. कांबळेही निवडून आले. बाबासाहेबांच्या पश्चात समाज कोलमडला नाही, हे त्या मतांनी दाखवून दिले.

3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दुर्दैवाने थोड्याच काळात फूट पडली. एका गटाचे नेतृत्व दादासाहेबांकडे, तर दुसऱ्याचे बी. सी. कांबळे यांच्याकडे आले. ज्यांनी एकत्र निवडणूक जिंकली तेच समोरासमोर उभे राहिले. 1967 मध्ये दादासाहेबांनी काँग्रेसशी जी युती केली तिच्यावरही बरीच टीका झाली. ही गोष्ट लपवून चरित्र पुरे होत नाही. बेकीची किंमत आपल्या वस्त्यांनी फार मोजली आहे.

पण निवडून आल्यावर दादासाहेब खुर्चीला चिकटले नाहीत, हेही तितकेच खरे. 1959 मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. 1962 ते 1968 ते राज्यसभेत होते, आणि त्याच काळात 6 डिसेंबर 1964 पासून देशभर भूमिहीनांचा दुसरा मोठा सत्याग्रह झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मुख्य मागणी. लाखांवर माणसे तुरुंगात गेली. त्यांत आपल्या माताभगिनी लेकरांसह होत्या, आणि इतर जातींचे गरीबही होते. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावावे, हीही मागणी होती. ती पुरी व्हायला 1990 साल उजाडले. 1968 मध्ये दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले. भूमिहीनांना जमीन देणाऱ्या महाराष्ट्र शासनाच्या योजनेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

धम्मबंधू आणि भगिनींनो, दादासाहेबांसारखा सत्याग्रह आपल्या प्रत्येकाच्या हातून होईलच असे नाही. पण मतदारयादी तर आपण पाहू शकतो. वस्तीतल्या कोणाचे नाव गळाले, कोणती सून नव्याने आली, कोणत्या पोराला अठरा पुरी झाली, हे विहारात वंदना झाल्यावर तासभर बसले तरी कळते. कोणत्या आजीला केंद्रापर्यंत हाताला धरून न्यावे लागेल, हेही कळते. नळाचे पाणी आणि गटार यांचे प्रश्न कागदावर लिहून, मत मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवता येतात. यात कोणत्याही एका पक्षाचे काम नाही. पैसे घेऊन मत विकू नये आणि आपापसात फुटू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

बाबासाहेबांनी मताचा अधिकार दिला. तो वस्तीवस्तीत पोचवण्यासाठी दादासाहेब झिजले. विहाराच्या या मंगल वर्धापनदिनी कर्मवीरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

जयभीम! नमो बुद्धाय!