डॉक्टरांना ‘निवासी’ का म्हणतात? सर्जन घडवण्याची पद्धत घालून देणाऱ्या डॉ. हॉल्स्टेड यांची गोष्ट

एमबीबीएस झाले, इंटर्नशिप संपली, नीट-पीजीमध्ये चांगली रँक आली आणि एमएस सर्जरीची जागा मिळाली. पुढची तीन वर्षे या डॉक्टरची ओळख एकच, निवासी डॉक्टर. वॉर्ड, ओपीडी, ऑपरेशन थिएटर आणि लागोपाठच्या ड्यूट्या. मार्डचा संप झाला की या डॉक्टरांच्या कामाच्या तासांची चर्चा होते आणि संप मिटला की तीही थांबते.

पण आधीच डॉक्टर झालेल्या माणसाने तज्ज्ञ होण्यासाठी रुग्णालयातच राहायचे, हे ठरवले कोणी? सर्जरीपुरते याचे उत्तर शोधताना एक नाव पुढे येते, ते म्हणजे अमेरिकन सर्जन डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड.

कोण होते हॉल्स्टेड?

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील एका श्रीमंत कुटुंबात झाला. येल विद्यापीठात ते फुटबॉल संघाचे कप्तान होते. अभ्यासात मात्र त्यांची फारशी चमक नव्हती. येलच्या ग्रंथालयातून त्यांनी एकही पुस्तक घेतल्याची नोंद नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नंतर वैद्यकीय शिक्षणात ते एकदम चमकले आणि १८७७ मध्ये एमडी झाले.

त्या काळात अमेरिकेत डॉक्टरची पदवी मिळाली की कोणीही शस्त्रक्रिया करू शकत असे. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण बंधनकारक नव्हते. ज्याला खरोखर शिकायचे असेल तो युरोप गाठायचा. हॉल्स्टेड १८७८ ते १८८० अशी दोन वर्षे व्हिएन्ना आणि जर्मनीत राहिले. तिथे तरुण डॉक्टर प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे सहायक म्हणून काम करत आणि जबाबदारीची एकेक पायरी चढत. हे चित्र त्यांच्या डोक्यात पक्के बसले.

बहिणीला रक्त, आईवर शस्त्रक्रिया

न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांचे नाव झपाट्याने झाले. १८८१ मध्ये त्यांच्या बहिणीला बाळंतपणानंतर प्रचंड रक्तस्राव झाला. हॉल्स्टेड यांनी स्वतःचे रक्त काढून तिला दिले. रक्तगटांचा शोध लागायला तेव्हा अजून २० वर्षे होती, पण बहीण वाचली. पुढच्याच वर्षी पित्ताशयाच्या आजाराने आई गंभीर झाली. त्यांनी मध्यरात्री घरातल्या स्वयंपाकघरातील टेबलावरच तिची शस्त्रक्रिया करून खडे काढले. आईही बरी झाली.

मग कोकेन कुठून आले?

१८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो, हे दाखवले. सगळ्या शरीराला भूल न देता फक्त एक भाग बधिर करता आला तर सर्जरीच बदलणार होती. हॉल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकांना इंजेक्शन देऊन प्रयोग सुरू केले. मज्जातंतूजवळ इंजेक्शन दिले की तो पूर्ण भाग बधिर होतो, हे त्यांनी सिद्ध केले. आज दाढ काढताना डेंटिस्ट देतात ते इंजेक्शन याच तत्त्वावर चालते.

या शोधाची किंमत मोठी होती. कोकेनचे व्यसन लागते, हे तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हते. त्यांच्या काही सहकाऱ्यांचा या व्यसनाने बळी घेतला. १८८५ मध्ये हॉल्स्टेड यांचा या विषयावरचा एक लेख छापून आला. त्यातली वाक्ये इतकी विस्कळीत आहेत की लिहिणाऱ्याची अवस्था लगेच कळते. १८८६ मध्ये त्यांना बटलर हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावे लागले. तिथे कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन देण्यात आले. कोकेनसोबत आता मॉर्फिनचीही सवय लागली.

दुसरी संधी

न्यूयॉर्कमधले त्यांचे करिअर संपल्यात जमा होते. अशा वेळी मित्र डॉ. विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला बोलावून प्रयोगशाळेत काम दिले. तिथे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झाले आणि थोड्याच काळात हॉल्स्टेड त्याच्या सर्जरी विभागाचे प्रमुख झाले.

न्यूयॉर्कमध्ये झपाझप ऑपरेशन करणारा हा सर्जन इथे संथ झाला. कमीत कमी रक्तस्राव, बारीक टाके आणि पेशींना हळुवार हाताळणे ही त्यांची ओळख बनली. ऑपरेशन थिएटरमधील नर्स कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना निर्जंतुक करणाऱ्या रसायनाने पुरळ येत असे. हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांनी लग्न केले. पुढे हॉल्स्टेड यांचेच निवासी डॉक्टर जोसेफ ब्लडगुड यांनी सर्जनने प्रत्येक ऑपरेशनला हातमोजे घालायची सवय लावली आणि जखमा चिघळण्याचे प्रमाण खूप घटले.

रेसिडेन्सी पद्धत नेमकी काय होती?

हॉपकिन्समध्ये मेडिसिन विभागात डॉ. विल्यम ऑस्लर यांनी आणि सर्जरीत हॉल्स्टेड यांनी जर्मन पद्धतीला अमेरिकन रूप दिले. तिचे मुख्य नियम असे होते:

• डॉक्टरने रुग्णालयातच राहायचे आणि कधीही बोलावले तरी हजर व्हायचे. ‘रेसिडेंट’ म्हणजे निवासी, तो याच अर्थाने. लग्न न झालेले उमेदवार पसंत केले जात.

• रचना पिरॅमिडसारखी. खाली इंटर्न, मध्ये सहायक, टोकाला एकच मुख्य निवासी.

• मुदत ठरलेली नाही. सर्वसाधारणपणे सहा वर्षे सहायक आणि त्यानंतर दोन वर्षे मुख्य निवासी.

• पुढच्या पायरीवर कोण जाणार, हे प्रमुख ठरवणार. बढतीची हमी नाही.

• वर जाल तशी जबाबदारी वाढणार. मुख्य निवासी मोठ्या शस्त्रक्रिया स्वतः करणार.

१९०४ मध्ये येलमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. ३३ वर्षांत त्यांच्या हाताखाली अवघे १७ मुख्य निवासी तयार झाले. म्हणजे साधारण दोन वर्षांतून एक. त्यातल्या अनेकांनी इतर शहरांत हीच पद्धत नेली. न्यूरोसर्जरीचा पाया घालणारे हार्वी कुशिंग हे त्यांचेच निवासी डॉक्टर.

प्रमुख स्वतः कुठे असायचे?

हॉल्स्टेड उन्हाळ्यात महिनोन्‌महिने बाल्टिमोरबाहेर असत. इतर वेळीही अनेकदा येत नसत आणि ऑपरेशने निवासी डॉक्टर पार पाडत. शिष्यांना इतकी मोकळीक मिळाली, त्यामागे हेही एक कारण होते. व्यसन सुटले, असा बहुतेकांचा समज होता. ऑस्लर यांनी लिहून सीलबंद ठेवलेली टिपणे १९६९ मध्ये जाहीर झाली. हॉपकिन्समध्ये आल्यावरही हॉल्स्टेड रोज मॉर्फिन घेत होते, हे तेव्हा जगाला कळले.

७ सप्टेंबर १९२२ रोजी पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन त्यांचे निधन झाले. ही शस्त्रक्रिया त्यांनीच घडवलेल्या सर्जननी केली होती.

आजच्या डॉक्टरांशी याचा संबंध काय?

पिरॅमिड पुढे मोडला. आत आलेल्या प्रत्येकाला प्रशिक्षण पूर्ण करू देणारी पद्धत रूढ झाली. साहजिकच चाळणी दारावर आली. भारतात ती नीट-पीजी आहे आणि एमडी-एमएसनंतर सुपरस्पेशालिटीसाठी नीट-एसएस. हॉल्स्टेड यांच्या विभागात डॉक्टरची निवड आठ वर्षे चालायची, इथे तिचा निकाल काही तासांच्या पेपरवर लागतो. त्यात एका माणसाच्या मर्जीला जागा नाही, हा मोठा फायदा. पण उमेदवाराचे हात आणि रात्री तीन वाजताचा त्याचा निर्णय कसा आहे, हे पेपरमध्ये दिसत नाही.

रात्रंदिवस रुग्णालयात असण्याची अपेक्षा मात्र मागे उरली. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे. भारतात केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशांत साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, असे म्हटले आहे. निवासी डॉक्टरांच्या संघटना आजही त्याच अंमलबजावणीची मागणी करत आहेत.

स्तनाच्या कर्करोगासाठी हॉल्स्टेड यांनी रूढ केलेली मोठी शस्त्रक्रिया अनेक दशके जगभर होत होती. पुढे संशोधनातून कमी कापाकापी केली तरी चालते हे दिसले आणि सर्जननी ती सोडून दिली. रुग्णावर किती शस्त्रक्रिया पुरेशी, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने विचारला. डॉक्टर घडवण्यासाठी किती जागरण पुरेसे, हा प्रश्न आपल्या वॉर्डांमध्ये अजून संपाच्या दिवसांतच विचारला जातो.