निराधारांचा निवारा : संत गाडगेबाबा

डोक्यावर मातीचे गाडगे, हातात खराटा आणि अंगावर चिंध्यांचा अंगरखा अशा वेषात एक माणूस सुमारे पन्नास वर्षे महाराष्ट्राच्या गावोगावी फिरला. त्याला स्वतःचे घर नव्हते. परंतु बेघरांसाठी त्याने जितकी छपरे उभारली, तितकी एखाद्या धनिकालाही क्वचितच उभारता आली असतील. हे सत्पुरुष म्हणजे संत गाडगेबाबा.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. व्यसनापायी वडील अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे भावाच्या आश्रयाला आली. तेथे डेबूने गुरे राखली, शेती कसली. पुढे सावकारी कर्जाच्या पाशात मामांची जमीन गेली. हक्काची जागा हिरावली जाणे म्हणजे काय, हे डेबूने असे कोवळ्या वयातच अनुभवले.

१९०५ साली आई, पत्नी कुंताबाई आणि मुले यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. कधी झाडाखाली, कधी देवळाच्या ओवरीत, तर कधी उघड्या माळावर त्यांची रात्र सरे. त्यांच्या वेषामुळे लोक त्यांना वेडा समजत, हाकलून देत. गावात शिरल्यावर ते आधी रस्ते झाडत आणि मगच भाकरी मागत. या भटकंतीत त्यांना आंधळे, पांगळे, महारोगी, टाकून दिलेले वृद्ध असे अनेक सोबती भेटले. दुरून दान टाकून बाबा कधी पुढे गेले नाहीत. ते त्यांच्याजवळ बसत, त्यांना आंघोळ घालत, कपडे देत, जेवू घालत. या माणसांना अन्नाइतकीच सन्मानाची भूक आहे, हे त्यांनी ओळखले होते.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंचे हाल पाहून बाबांनी तेथे घाट बांधला. पंढरपूरच्या वारीत त्यांना याहून दारुण दृश्य दिसले. विठ्ठलाच्या ओढीने शेकडो मैल चालत आलेल्या अस्पृश्य वारकऱ्यांना नगरीत कोठेच थारा मिळत नसे. देव सर्वांचा असेल, तर त्याच्या भक्ताला ओसरी का मिळू नये, या विचाराने बाबा अस्वस्थ झाले. लोकांकडून पै-पैसा गोळा करून १९१७ साली त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. पुढे १९४९ साली त्यांनी ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

यानंतर नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. खेड्यातून उपचारांसाठी मुंबईला आलेल्या रुग्णाला रुग्णालयात खाट मिळे. पण त्याच्या नातेवाइकांना पदपथावरच रात्र काढावी लागे. त्यांच्यासाठी १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्यालाही निवारा हवा, ही गोष्ट रस्त्यावर झोपलेल्या माणसालाच सुचावी, यात नवल नाही.

हे सारे कार्य लोकांनी दिलेल्या पैशातून झाले. बाबा रात्री कीर्तन करीत. श्रोत्यांना प्रश्न विचारत व्यसन, कर्जबाजारीपणा आणि अस्पृश्यता यांवर प्रहार करीत. मिळालेल्या देणगीतील एक पैसाही त्यांनी स्वतःसाठी वापरला नाही. धर्मशाळेतील खोलीत त्यांनी मुक्काम केला नाही. कुंताबाईंचे दिवसही झोपडीतच गेले. बाबांच्या व्रताची किंमत त्यांच्या घरच्यांनीही मोजली, हे विसरता येत नाही. १९५२ साली स्थापन झालेल्या गाडगे महाराज मिशनमुळे या कार्याला स्थिर रूप लाभले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वाटेतच बाबांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेल्या या संताला मृत्यूही रस्त्यातच आला. मात्र त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांतून आजही थकलेले वाटसरू विसावतात. बेघर माणसाची कीव करण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून त्याची गरज जाणून घ्यावी, हाच त्यांच्या चरित्राचा बोध आहे.