न्याय, दया आणि पंडिता रमाबाई



देव न्यायी आहे आणि देव दयाळू आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. पण घरात अकाली मरण आले, की मनात प्रश्न उठतोच: हा कुठला न्याय? पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न फार लवकर सोसला. त्या कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन पंथात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी त्यांच्या जीवनातून आपल्याला पुष्कळ शिकता येते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. जवळचे सारे दानधर्मात गेले. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंचा गौरव केला, पण दुःखाने पाठ सोडली नाही. भाऊ वारला. १८८० साली त्यांनी बिपिन बिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह केला. १८८२ साली तेही गेले. विशीतली विधवा आणि पदरी लहानगी मनोरमा!

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आश्रम दाखवला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. त्यातल्या काही जणी आता स्वतःच इतरांची सेवा करीत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रीला शिक्षा देणारे त्यांनी पाहिले होते, उचलून घेणारे पाहिले नव्हते. ह्या दयेचे मूळ त्यांनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने संत योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

तरीही मन शांत नव्हते. आपल्या पुण्याईने देवापुढे उभे राहता येत नाही, क्षमा ही देणगीच असते, हे उमगायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. बंधुभगिनींनो, मिस्सा चुकवत नसलो तरी आपणही कधी कधी तिथेच अडकलेलो असतो.

दया मिळाली म्हणून रमाबाईंनी न्याय सोडला नाही. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असे सांगितले. तेव्हा त्या अन्यायाविरुद्ध रमाबाईंनी लिहिले. १८८९ साली त्यांनी आपल्या मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायकांना आणून केडगावी सांभाळले. मुक्ती मिशनमधील माणसांची संख्या हजारावर गेली. तिथेच टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. फुलहॅमला जे पाहिले, ते त्यांनी केडगावी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

तत्त्वज्ञानात न्यायाची व्याख्या सोपी आहे: ज्याचे त्याला देणे. मग दया म्हणजे न्यायाला दिलेली सूट का? आम्हाला तसे वाटत नाही. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे. म्हणून पडलेल्याला उभे करणे हेसुद्धा त्याचे त्याला देणेच आहे. दया पापाला पाप म्हणते, पण पाप्याला दाराबाहेर ठेवत नाही. वधस्तंभावर ही दोन्ही एकत्र आली.

आता आपल्या धर्मग्रामाकडे पाहू या. नवऱ्याने सोडलेली बाई, व्यसनातून सुटू पाहणारा तरुण, शिक्षा भोगून परतलेला शेजारी ह्यांपैकी कोणी मिस्साला येऊन शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद होताच निघून जाते. त्यांना आपली कुजबुज ऐकू येते. पुढच्या रविवारी बाकावर थोडे सरकून त्यांना आपल्या शेजारी जागा देऊ या. आपल्यालाही प्रभूने अशीच जागा दिली आहे.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू