मोलोकाईचे फादर दामियन : एका धर्मगुरूचा आठवडा

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मागील काळाची मोजदाद करावी असें सर्वांनाच वाटूं लागतें. देवळाचा पाया कधीं घातला, घंटा केव्हां आली, किती बालकांस बाप्तिस्मा मिळाला, किती जोडपीं वेदीपुढें उभीं राहिलीं, हें सर्व दप्तरांतून शोधून स्मरणिकेंत छापण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि वर्षें हीं आठवड्यांचीं बनलेलीं असतात. रविवारची मिस्सा, सोमवारचा आजारी, मंगळवारची प्रेतयात्रा, शनिवारचें पापनिवेदन, असे दिवस एकामागून एक निघून जातात. त्यांत कांहीं विशेष घडलें असें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हणून या प्रसंगीं आम्हीं अशा एका धर्मगुरूचें चरित्र सांगावयाचें योजिलें आहे कीं, ज्यांची कीर्ति एका दिवसाच्या धाडसामुळें झाली असा बहुतेकांचा समज आहे, परंतु ज्यांचें खरें थोरपण त्यांच्या आठवड्यांत आहे. ते म्हणजे मोलोकाई बेटावरील महारोग्यांचे धर्मगुरू संत दामियन होत.

त्यांचें जन्मनांव योसेफ द व्हूस्टर. बेल्जम देशांत लूव्हन शहराजवळ ट्रेमेलो नांवाचें खेडें आहे. तेथें 3 जानेवारी 1840 रोजीं त्यांचा जन्म झाला. घरीं शेती होती, धान्याचा व्यापार होता आणि मुलेंबाळें पुष्कळ होतीं. योसेफानें व्यापार सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती. परंतु थोरले बंधु येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघांत दाखल होऊन पांफिल हें नांव धारण करिते झाले होते. त्यांच्या पाठोपाठ 1859 सालीं योसेफहि त्याच संघांत गेले आणि दामियन झाले. त्यांचें शिक्षण बेताचें असल्यामुळें त्यांना प्रथम धर्मगुरूपदासाठीं घेतलें नव्हतें. ते मठांतील साधे बंधु म्हणून राहावयाचे होते. परंतु त्यांनीं आपल्या भावाकडून लॅटिन भाषेचे धडे घेतले आणि इतकी प्रगति केली कीं, वरिष्ठांनीं आपला विचार बदलला.

1863 सालीं फादर पांफिल यांची हवाई बेटांकडे नेमणूक झाली आणि ऐन प्रयाणाच्या वेळीं ते तापानें अंथरुणाला खिळले. तेव्हां दामियन यांनीं आपल्या घरच्या वरिष्ठांना न विचारतां थेट पॅरिस येथील संघप्रमुखांना पत्र लिहून भावाची जागा मागितली. त्या वेळीं त्यांना दीक्षाहि मिळाली नव्हती. विनंती मान्य झाली. चार महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून ते 19 मार्च 1864 रोजीं, म्हणजे संत योसेफाच्या सणाच्या दिवशीं, होनोलुलू बंदरांत उतरले आणि 21 मे रोजीं तेथील महामंदिरांत बिशप मेग्रे यांच्या हस्तें त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्या वेळीं त्यांचें वय 24 वर्षांचें होतें.

प्रारंभीं त्यांना हवाई या मोठ्या बेटावर पुना हा ज्वालामुखीचा मुलूख मिळाला व 1865 पासून कोहाला-हामाकुआ हा त्याहूनहि विस्तीर्ण भाग मिळाला. तेथील लोकांची भाषा त्यांनीं आत्मसात केली. लोक त्यांना आपल्या उच्चाराप्रमाणें कामियानो म्हणत. कधीं घोड्यावर, कधीं खेंचरावर, कधीं होडींतून, तर कधीं दऱ्या चढत पायींच त्यांना जावें लागे. सर्व क्षेत्राची एक फेरी पुरी व्हावयास कित्येक आठवडे लागत. यामुळें एका गांवीं रविवारची मिस्सा होत असतां इतर गांवचे लोक धर्मगुरूवांचून, आपल्यांतील एखाद्या जाणत्याच्या मागून प्रार्थना म्हणत. जेथें देऊळ नव्हतें तेथें दामियन स्वतः लांकूड खांद्यावर वाहून, करवत व हातोडा घेऊन देऊळ उभें करीत. त्यांचे हात शेतकऱ्याचे होते. पुढें याच हातांचा फार उपयोग व्हावयाचा होता.

त्या बेटांत महारोग, ज्यास आज कुष्ठरोग म्हणतात, तो झपाट्यानें पसरत होता. 1865 सालीं राजा पांचवा कामेहामेहा याच्या कारकीर्दींत रोग्यांस वेगळें ठेवण्याचा कायदा झाला, आणि 1866 च्या जानेवारींत पहिली तुकडी मोलोकाई बेटाच्या एका जमिनीच्या जिभेवर नेऊन सोडण्यांत आली. तीन बाजूंस समुद्र आणि चौथ्या बाजूस सुमारें 2000 फूट उंचीचा कडा! नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तोडून तेथें पाठविलें जाई, आणि परत येण्याची आशा कोणासच नसे. 4 मे 1873 रोजीं माउई बेटावर वायलुकू येथें एका नव्या देवळाचा आशीर्वादविधि झाला. त्या प्रसंगीं बिशपमहाराजांनीं या अनाथ ख्रिस्ती जनांबद्दलचें आपलें दुःख बोलून दाखविलें. तेथें असलेल्या चार तरुण धर्मगुरूंनीं पाळीपाळीनें तेथें जाण्याची तयारी दाखविली. पहिली पाळी दामियन यांची आली.

10 मे 1873 रोजीं ते बिशपमहाराजांबरोबर तेथें उतरले. तो दिवस शनिवारचा होता. राहावयास घर नव्हतें. संत फिलोमिनाच्या लहानशा देवळाशेजारीं, आपल्या केवड्याच्या जातीचें एक झाड होतें, त्याखालीं त्यांनीं अनेक रात्री काढिल्या. जी पाळी कांहीं आठवड्यांची ठरली होती, ती जवळजवळ 16 वर्षांची झाली.

आतां त्यांचा आठवडा कसा जाई तें सांगूं. रविवार हा सर्वांत श्रमाचा दिवस. कालावाओ येथील मिस्सा आटोपून ते सुमारें 3 मैलांवरील कलाउपापा येथें दुसरी मिस्सा अर्पण करावयास जात. त्या काळच्या नियमाप्रमाणें मध्यरात्रीपासून धर्मगुरूच्या पोटांत पाण्याचा थेंबहि जातां कामा नये. अर्थात् दुसरी मिस्सा संपेपर्यंत ते उपाशीच असत. दोन्ही ठिकाणीं प्रवचन, दुपारीं धर्मशिक्षण, सायंकाळीं पवित्र साक्रामेंताचा आशीर्वाद. देवळांत रोग्यांच्या जखमांची दुर्गंधि इतकी दाटे कीं, पहिल्या दिवसांत वेदीपाशीं उभें राहणें त्यांना कठीण जाई. परंतु रोग्यांना वारंवार थुंकावें लागतें व त्याची लाज वाटून ते देवळांत येण्यास कचरतात हें ध्यानांत येतांच त्यांनीं देवळाच्या फळ्यांच्या जमिनीला भोंकें पाडून दिलीं. रोगी पानाची सुरळी करून त्यांतून थुंकी खालीं सोडीत. मोठमोठ्या प्रवचनांपेक्षां या भोंकांनीं अधिक लोकांस मिस्सेला आणिलें असेल असें आम्हांस वाटतें.

सोमवारपासून झोंपड्यांची फेरी सुरू होई. कॅथोलिक असो वा नसो, प्रत्येक दारीं ते जात. जखमा धुवून पट्ट्या बांधीत. बोटें झडलेल्यांस घास भरवीत. त्यांच्याच भांड्यांतून अळूच्या कंदांचा पोई नांवाचा लगदा खात. वास सहन व्हावा म्हणून ते चिलीम ओढूं लागले. 1874 च्या वादळांत झोंपड्या उडाल्या, तेव्हां सरकारच्या मागें लागून त्यांनीं लांकूड मिळविलें आणि स्वतः सुताराचें काम करून घरें बांधविलीं. दुरून पाणी वाहून आणावें लागे, म्हणून नळ घालविले. अनाथ मुलांमुलींसाठीं आपल्या घराजवळ आश्रम काढिला. मुलांस गाणें शिकविलें, वाद्यवृंद तयार केला. आठवड्यांत बहुधा कोणीं ना कोणीं मरत असेच. मग शवपेटी करावयाचे, खड्डा खणावयाचे आणि शेवटची प्रार्थना म्हणावयाचे काम त्यांच्याच वांट्यास येई. पूर्वीं प्रेतें कशींबशीं पुरलीं जात. त्यांनीं प्रेतयात्रेसाठीं एक मंडळी स्थापिली. त्यायोगें ज्याला जिवंतपणीं घरच्यांनीं गमाविलें होतें त्याच्या मागें निदान मरणानंतर क्रूस, ढोल व माणसें चालूं लागलीं.

शनिवारीं ते पापनिवेदन ऐकत बसत. परंतु स्वतःचें पापनिवेदन त्यांनीं कोणाकडे करावें? आमच्या मतें त्यांच्या सर्व कष्टांत हा कष्ट सर्वांत मोठा होता. सरकारी आरोग्यमंडळानें त्यांना वसाहतीबाहेर जाण्याची मनाई केली होती. 1873 सालींच त्यांचे वरिष्ठ धर्मगुरू आगबोटीनें तेथवर आले, पण त्यांना उतरूं देण्यांत आलें नाहीं. दामियन होडींत बसून आगबोटीजवळ गेले, तर त्यांना वर चढूं दिलें नाहीं. तेव्हां त्या तरुण धर्मगुरूनें होडींत उभें राहून, वर खलाशी व उतारू असतां, मोठ्यानें आपलीं पापें सांगितलीं आणि वरून मिळालेली क्षमा मस्तक लववून घेतली. पुढें ही मनाई सैल झाली. कडा चढून पलीकडील निरोगी लोकांसाठींहि त्यांनीं देवळें बांधिलीं. मधून मधून सोबतीस धर्मगुरूहि आले. परंतु 1885 पासून 1888 पर्यंत त्या वसाहतींत दुसरा धर्मगुरू राहत नव्हता. आपण येथें पापनिवेदनाच्या रांगेंत उभे राहण्याचा कंटाळा करितों, त्या वेळीं ती होडी आठवावी.

दामियन यांच्या अंगीं दोष नव्हते असें नाहीं. ते तापट होते व हट्टी होते. सोबतीस आलेल्या धर्मबंधूंशीं त्यांचें पटलें नाहीं, मदतीसाठीं सतत तगादा लावीत म्हणून सरकारी अधिकारी व धर्मांतील वरिष्ठ दोघेहि त्यांच्यावर नाराज असत. हें आम्ही लपवून ठेवीत नाहीं. कारण संत हे आपल्यासारख्याच मातीचे घडलेले असतात हें समजणें आपल्या हिताचें आहे.

त्यांच्या प्रवचनांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तेथें गेल्यावर थोड्याच महिन्यांनीं त्यांनीं आपल्या भावास पत्रानें कळविलें होतें कीं, आपण प्रवचनांत श्रोत्यांस महारोगी असें संबोधीत नाहीं, तर स्वतःस त्यांत धरून आपण महारोगी असें म्हणतों. त्या वेळीं ते पूर्ण निरोगी होते. मराठींत आम्ही आणि आपण या दोन शब्दांत जो भेद आहे, तोच हवाईच्या भाषेंतहि आहे. ऐकणाऱ्यास वगळून बोलणें निराळें आणि त्यास सामावून घेऊन बोलणें निराळें. हा शब्द त्यांनीं रविवारामागून रविवार उच्चारिला. 1884 च्या अखेरीस एके दिवशीं त्यांचा पाय कढत पाण्यांत पडला, कातडी भाजली, परंतु वेदना झाली नाहीं. त्यांना काय तें कळलें. अकरा वर्षें जें ते मुखानें म्हणत होते तें देहानें खरें झालें.

तरीहि आठवडा बदलला नाहीं. मिस्सा, फेरी, सुतारकाम, शवपेट्या, सर्व पूर्ववत् चालू राहिलें. 1886 सालीं जोसेफ डटन हे अमेरिकन गृहस्थ मदतीस आले व अखेरपर्यंत तेथेंच राहिले. 1888 सालीं फादर कॉन्रार्डी व मदर मारियान कोप आणि त्यांच्या भगिनी आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एडवर्ड क्लिफर्ड हे इंग्रज चित्रकार भेटीस आले. ते हिंदुस्थानांत फिरलेले होते. इकडे या रोगावर वापरलें जाणारें गर्जनाचें तेल त्यांनीं बरोबर नेलें होतें. त्या तेलानें रोग बरा झाला नाहीं. तरी या आपल्या भूमीची एवढी तरी सेवा त्या संताच्या देहास लाभली, याचें आम्हांस समाधान वाटतें.

15 एप्रिल 1889 रोजीं, पवित्र सप्ताहाच्या सोमवारीं, वयाच्या 49 व्या वर्षीं फादर दामियन प्रभूकडे गेले. ज्या झाडाखालीं त्यांनीं पहिल्या रात्री काढिल्या होत्या त्याच झाडाखालीं त्यांना मूठमाती देण्यांत आली. त्या बेटावर त्यांनीं 830 हून अधिक रविवार पाहिले होते. 1936 सालीं त्यांच्या अस्थि बेल्जमला नेण्यांत आल्या. 1995 सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना धन्यवादित म्हणून व 11 ऑक्टोबर 2009 रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं संत म्हणून घोषित केलें. ज्या 1873 सालीं ते मोलोकाईस गेले त्याच सालीं नॉर्वे देशांत डॉक्टर हान्सेन यांनीं या रोगाचे जंतु शोधून काढिले होते. आज हा रोग औषधांनीं पूर्ण बरा होतो, आणि हवाई येथील तो कायदा 1969 सालीं रद्द झाला.

संतांचा सण बहुधा त्यांच्या मरणाच्या दिवशीं पाळिला जातो. संत दामियन यांचा सण मात्र 10 मे रोजीं, ज्या शनिवारीं ते मोलोकाईस उतरले त्या तारखेस असतो. दुसऱ्या दिवशीं रविवार होता व मिस्सा करावयाची होती. त्यांचें सर्व पुढील आयुष्य त्या एका मिस्सेचाच विस्तार होय.

प्रिय धर्मबांधवहो, आम्ही वेदीवरून तुम्हांस उद्देशून आपण असा शब्द प्रत्येक रविवारीं उच्चारितों. तो किती खरा असतो, याचा विचार हें चरित्र लिहितांना आमच्या मनांत वारंवार आला, आणि आम्हांस आपल्या उणीवेची लाज वाटली. तुम्हांसहि आमची विनंती हीच आहे. आपल्या धर्मग्रामांत ज्याच्या दारीं कोणी जात नाहीं, असें एखादें घर प्रत्येकास ठाऊक असेल. महोत्सवाचे मंडप उतरल्यावर येणाऱ्या पहिल्या साध्या सोमवारीं त्या दाराशीं जावें. संत दामियन आपणांसाठीं विनंती करोत.