पाटणा ते नांदेड : गुरू गोविंदसिंगजींची वाट

पाटणा आणि नांदेड या दोन शहरांच्या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १,०७० किलोमीटर. थेट विमानाला त्यासाठी दोन तास पुरेसे आहेत. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी यांचे जीवन याच दोन शहरांच्या दरम्यान घडले. मात्र त्यांची वाट पंजाबातून आली आणि ती संपण्यास जवळजवळ ४२ वर्षे लागली.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १६६६ रोजी पाटण्यात झाला. बालपणीच ते शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी आनंदपूरला आले. १६७५ मध्ये वडील गुरू तेगबहादूर यांचा औरंगजेबाच्या आज्ञेने दिल्लीत शिरच्छेद झाला आणि वयाच्या नवव्या वर्षी गुरुपद त्यांच्याकडे आले.

१६९९ च्या वैशाखीला त्यांनी आनंदपुरात खालसा पंथाची स्थापना केली. गुरूंच्या हाकेला ओ देऊन शिर अर्पण करण्यास पुढे आलेल्या पाच जणांपैकी भाई साहिबसिंग हे बिदरचे, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्याच्या शेजारचे. गुरू दक्षिणेत येण्यापूर्वीच या भागातील एक माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचला होता.

१७०४ च्या हिवाळ्यात मोगल वेढ्यामुळे आनंदपूर सोडावे लागले. अजितसिंग आणि जुझारसिंग हे थोरले पुत्र चमकौरच्या लढाईत पडले. साहिबसिंगही तेथेच धारातीर्थी पडले. जोरावरसिंग आणि फतेहसिंग या धाकट्या पुत्रांना सरहिंदचा फौजदार वजीरखान याने ठार केले. वेढ्याच्या वेळी दिलेल्या शपथा मोडल्याचा जाब गुरूंनी ‘जफरनामा’ या फारसी पत्रातून औरंगजेबाला विचारला. भाई दयासिंग ते घेऊन अहमदनगरकडे गेले. पुढे गुरू स्वतः दक्षिणेकडे निघाले. पण ते वाटेत असतानाच, १७०७ मध्ये, औरंगजेब मरण पावला.

नवा बादशहा बहादूरशहा याची त्यांनी आग्र्याला भेट घेतली. तो कामबक्षावर चालून दक्षिणेकडे निघाला तेव्हा गुरूही छावणीसोबत निघाले. महिन्यांमागून महिने गेले, तरी वजीरखानाला शासन झाले नाही. १७०८ मध्ये गुरू गोदावरीकाठी नांदेडला पोहोचले. तेथे भेटलेल्या माधोदास बैराग्याला त्यांनी बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबकडे रवाना केले. बंदासिंगाने १७१० मध्ये वजीरखानाचा पराभव करून सरहिंद जिंकले. हा विजय पाहण्यास गुरू मात्र हयात नव्हते.

नांदेडात एका पठाणाने त्यांच्यावर वार केला होता. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. चारही पुत्र गेलेले, पंजाब शेकडो कोस दूर. अशा वेळी त्यांनी गुरुपद कोणा व्यक्तीकडे न सोपवता ग्रंथसाहिबाला दिले. शिखांचा गुरू त्यानंतर कोणत्याही एका गावाशी बांधलेला राहिला नाही. जेथे ग्रंथ, तेथे गुरू.

महाराजा रणजितसिंग यांनी १८३० च्या दशकात येथे सचखंड हुजूरसाहिबची वास्तू उभारली. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी नांदेडात साजरी झाली. येथील विमानतळाला गुरूंचेच नाव आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अमृतसरहून थेट विमान येथे उतरले, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटरचे अंतर अडीच तासांवर आले. पंजाबातून निघालेले गुरू जेथून परतले नाहीत, तेथे हजारो भाविक दरवर्षी येतात आणि दर्शन घेऊन माघारी जातात.