वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील मांडवी भागात एक भयंकर रोग दिसू लागला. रोग्यास कडक ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत तो दगावे. हा प्लेग होय, हे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. भयभीत लोक शहर सोडू लागले. पुढे रोग खेडोपाडी शिरला, तेव्हा गावे ओस टाकून माणसे माळावर झोपड्या घालून राहिली. खात्रीचे औषध कोणापाशीच नव्हते. अशा वेळी सरकारने कलकत्त्याहून हाफकिन यांना मुंबईस बोलावून घेतले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ते वैद्य नव्हते. त्यांचे शिक्षण प्राणिशास्त्राचे. झारच्या रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात वाव मिळणे कठीण होते. म्हणून ते परदेशी गेले आणि पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या संस्थेत ग्रंथपालाच्या कामावर राहिले. तेथेच प्रयोग करून १८९२ साली त्यांनी पटकीवरील लस तयार केली व ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक लहानशी खोली, तिच्यालगतचा बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांना काम आरंभावे लागले. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस्सा लागे. येथील लोकांना कोणते मांस निषिद्ध आहे, याचा विचार करून त्यांनी बोकडाचे मांस निवडले. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले, की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. भांडे हलविले, की ते तळाशी जात व वर नवे पीक येई. आपल्या घरातील साधे तूप, पण त्याने केवढे काम केले! मग उष्णता देऊन ते जंतू मारीत. मेलेल्या जंतूंनी रोग होत नाही. परंतु शरीरास शत्रूची ओळख पटते आणि खरा शत्रू आला म्हणजे ते सज्ज असते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली. ताप चढला, पण तो उतरला. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात, पुढे बडोद्याजवळील उंढेरा गावी तिची परीक्षा झाली. उंढेऱ्यास त्यांनी घरोघरची निम्मी माणसे टोचली आणि निम्मी तशीच ठेवली. एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांत कोण वाचते, हे पाहिल्यावर शंकेला जागा उरली नाही. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा उघडली.

यशाच्या या शिखरावर घाला पडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधील मलकोवाल गावी, एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटलीत धनुर्वाताचे जंतू आधीपासून असते, तर तिला दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. तरीही न्याय मिळावयास पाच वर्षे गेली. एकोणीस घरांत दुःख होते, हे खरे. पण निरपराध माणसाला शिक्षा झाल्याने ते हलके होणार नव्हते. मलेरियाचा डासांशी असलेला संबंध शोधणारे रोनाल्ड रॉस व अन्य शास्त्रज्ञ १९०७ साली त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले, तेव्हा कोठे ते दोषमुक्त ठरले. ते पुन्हा कलकत्त्यास आले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांच्या हाती पुन्हा दिली गेली नाही.

१९२५ साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या या संस्थेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लसही तयार होऊ लागली. तो रोग विषाणूंपासून होतो, आणि विषाणू रश्श्यात वाढत नाहीत. त्यांना जिवंत पेशीच लागतात.